विश्वासाने, की विश्वासानेच?



‘तारण’ हा शब्द आपल्या मराठीत दोन ठिकाणी हमखास कानी पडतो. सोसायटीत कर्ज काढायला गेलो की पहिला प्रश्न येतो, “तारण काय देणार?” मग कोणी जमिनीचा उतारा पुढे करतो, कोणी घरातले सोने, कोणी दोन जामीनदार उभे करतो. दुसरे ठिकाण म्हणजे ख्रिस्ती देऊळ. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), सोलापूर, जालना या बाजूच्या गावांतून जुनी ख्रिस्ती वस्ती आहे. तिथे रविवारच्या उपासनेत ‘तारण’ म्हणजे उद्धार, तरून जाणे. शब्द एकच, पण व्यवहार अगदी उलटा. सोसायटीत तारण आपण द्यायचे असते. देवळात सांगतात की, बाबा, तुझ्यापाशी गहाण टाकण्याजोगे काही नाही, आणि तरीही तुला तारण मिळते आहे.

हे ‘तरीही’ म्हणजे काय, ते आज समजून घेऊ. कोणाला आपला धर्म सोडायला सांगणे हा या भाषणाचा हेतू नाही. पण आपल्याच भाषेत बोलणारे, आपल्याच शिवारात राबणारे हजारो लोक ज्या गोष्टीवर जीव टाकतात, ती गोष्ट शेजाऱ्याला ठाऊक असावी. शाळेतही इतिहासाच्या पुस्तकात युरोपातली धर्मसुधारणा शिकवतात. मार्टिन ल्यूथर, पंचाण्णव कलमे, सन १५१७, एवढे मुले पाठ करतात. भांडण कशाचे होते, ते मात्र बहुधा राहूनच जाते.

येशूने सांगितलेली एक गोष्ट मत्तयाच्या शुभवर्तमानात विसाव्या अध्यायात आहे. ती शेतीची असल्यामुळे आपल्याला चटकन उमगेल. एक द्राक्षमळेवाला भल्या पहाटे मजूर आणायला निघाला. दिवसाचा एक दीनार रोज ठरला. माणसे कामाला लागली. तो पुन्हा नऊच्या सुमाराला गेला, दुपारी बाराला गेला, तीनला गेला, आणि प्रत्येक वेळी मिळतील ती माणसे घेऊन आला. दिवस मावळायला तासभर उरला असता तो पुन्हा चौकात गेला, तर काही जण अजून उभेच. “दिवसभर रिकामे का उभे?” तर म्हणाले, आम्हाला कोणी कामाला लावलेच नाही. त्यांनाही त्याने मळ्यात धाडले. संध्याकाळी मजुरी वाटायची वेळ आली तेव्हा शेवटी आलेल्यांना आधी बोलावले आणि प्रत्येकाच्या हातावर पुरा एक दीनार ठेवला. सकाळच्या गड्यांना वाटले, आता आपल्याला जास्त मिळणार. त्यांनाही एकच दीनार मिळाला. ते कुरकुरले. उन्हातान्हात बारा तास राबलो आम्ही, आणि हे तासाभराचे पाहुणे आमच्या बरोबरीचे? मालक म्हणाला, ठरले ते तुला दिले. मी उदार झालो, तर तुझ्या पोटात का दुखते?

खरे सांगायचे तर आपला सगळ्यांचा जीव सकाळच्या मजुरांकडेच ओढ घेतो. माझाही घेतो. मजुरीचा हिशेब म्हणून पाहिले तर हा मालक चुकलाच. गोष्ट सांगणाऱ्यालाही ते ठाऊक होते. म्हणून तर त्याने शेवटच्यांना आधी मजुरी देवविली, पहिल्यांच्या डोळ्यांदेखत. पण मजुरांच्या अड्ड्यावर उन्हे कलेपर्यंत कोणी न विचारलेल्या माणसाच्या जागी क्षणभर उभे राहून पाहा. घरी चूल त्याचीही आहे. रोज म्हणजे एका घराचे एका दिवसाचे अन्न. तासाभराच्या मजुरीत ते भागत नाही. मालकाने त्याचे तास मोजले नाहीत, त्याची गरज पाहिली.

आता पौलाकडे येऊ. पौल हा कडव्या परूशी पंथाचा यहुदी. आधी ख्रिस्ती मंडळींचा छळ करणारा आणि नंतर ख्रिस्ताचा प्रेषित झालेला. इ. स. ५७ च्या सुमारास त्याने रोममधल्या ख्रिस्ती मंडळीला ग्रीक भाषेत एक लांब पत्र लिहिले. त्या वेळचा वाद अगदी घरगुती होता. यहुदी नसलेली माणसे ख्रिस्ताकडे येऊ लागली होती. त्यांनी सुंता करायची का? खाण्यापिण्याचे निर्बंध आणि सणवार पाळायचे का? काही जण म्हणत, नियमशास्त्र पाळल्याशिवाय देवाच्या घरी प्रवेश नाही. पौलाने त्यांना त्यांच्याच मूळपुरुषाचा दाखला दिला. अब्राहामाने देवाच्या वचनावर विश्वास ठेवला आणि देवाने तो नीतिमान गणला. त्याची सुंता झाली ती त्यानंतर. म्हणजे मान्यता आधी, खूण मागाहून. आणि याच ठिकाणी पौल मजुरीचा दृष्टान्त देतो. काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी, तिला कोणी देणगी म्हणत नाही. देवाकडून मिळते ती मात्र देणगी. पौलाच्या मते येशूने क्रुसावर मरण पत्करून माणसाच्या पापाचे देणे स्वतःवर घेतले. फिटलेल्या रोख्यावर पुन्हा हप्ते भरत बसायचे नसते. फिटला आहे यावर भरवसा ठेवायचा. तोच विश्वास.

येशूच्या शेजारी क्रुसावर एक गुन्हेगार होता, त्याची कथा लूकने दिली आहे. तो म्हणतो, तुझ्या राज्यात माझी आठवण ठेव. येशू त्याला त्याच दिवशी आपल्याबरोबर सुखलोकात असण्याचे वचन देतो. हात खिळलेले, पाय खिळलेले. दान नाही, उपास नाही, चोरलेले परत करायला सवड नाही. विश्वासाने तारण हे ज्यांना थोडक्यात सांगायचे असते, ते याच माणसाकडे बोट दाखवतात.

पौलानंतर चौदाशे वर्षांनी हाच प्रश्न जर्मनीत एका तरुणाच्या जिवाला लागला. मार्टिन ल्यूथरचा जन्म १४८३ चा. बाप खाणीच्या धंद्यात वर आलेला. पोराने वकील व्हावे ही त्याची इच्छा. २ जुलै १५०५ रोजी वाटेत वादळाने गाठले, जवळच वीज कोसळली, आणि भ्यालेल्या पोराने नवस केला की वाचलो तर संन्यासी होईन. वाचला, आणि बापाच्या मनाविरुद्ध एरफुर्टच्या मठात शिरला. तिथे त्याने उपास, जागरणे, थंडीत कुडकुडणे, सगळे केले. तासन् तास पापे कबूल करायचा. उठून दारापर्यंत गेला की एखादे विसरलेले पाप आठवायचे आणि परत यायचा. त्याचा वडीलधारा गुरू श्टाउपित्झ, मोठा समजूतदार माणूस, तोही कंटाळून जाई.

हा काही ढोंगी नव्हता, हे लक्षात घ्या. ढोंग्याला हा त्रास होतच नाही. त्याचा प्रश्न सरळ होता. पुरेसे झाले, हे कोण सांगणार? परीक्षेला पस्तीस गुण लागतात हे मुलाला ठाऊक असते. पण देवापुढे उत्तीर्ण व्हायला किती गुण लागतात, हे कोणीच सांगत नसेल, तर जो प्रामाणिक आहे तो रात्री झोपायचा कसा?

पुढे विटेनबर्गच्या विद्यापीठात बायबल शिकवताना पौलाच्या त्या पत्रातल्या ‘देवाचे नीतिमत्त्व’ या शब्दांशी त्याची झुंज सुरू झाली. त्याला ते शब्द नकोसे वाटत. देव नीतिमान, म्हणजे पाप्याला शासन करणारा, असा त्याचा अर्थ त्याने लहानपणापासून ऐकलेला. रात्रंदिवस विचार करता करता त्याला उमगले की, देव ज्या नीतिमत्त्वाने शिक्षा करतो त्याविषयी पौल इथे बोलतच नाही. देव जे नीतिमत्त्व माणसाला देऊन टाकतो, त्याविषयी बोलतो आहे. उतारवयात, १५४५ साली, ल्यूथरने लिहून ठेवले आहे की, त्या क्षणी आपल्याला उघड्या दारातून स्वर्गात शिरल्यासारखे वाटले.

त्याच सुमारास गावोगाव क्षमापत्रे विकली जात होती. चर्चची अधिकृत शिकवण अशी की, पापाची क्षमा पश्चात्तापानेच होते. क्षमापत्राने फक्त त्या पापापायी भोगायची ऐहिक शिक्षा कमी होते, मेलेल्यांची शुद्धिस्थानातली शिक्षासुद्धा. पण बाजारात एवढा बारकावा कोण सांगतो आणि कोण ऐकतो? योहान टेट्झेल नावाचा विक्रेता पैसा घेऊन लोकांच्या मेलेल्या आईबापांची सुटका करून देत होता, असेच लोकांना वाटे. त्या पैशातला निम्मा रोमच्या सेंट पीटर देवळाच्या बांधकामाला आणि निम्मा माइन्झच्या आर्चबिशपने फुग्गर सावकारांकडून घेतलेल्या कर्जात जात होता. ही दुसरी गोष्ट मात्र गिऱ्हाइकांना माहीत नव्हती. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ल्यूथरने त्याच आर्चबिशपला पत्र लिहिले आणि सोबत वादासाठी लॅटिनमध्ये काढलेली पंचाण्णव कलमे जोडली. पुढचा इतिहास शाळेच्या पुस्तकात आहे.

पुस्तकात नसलेली एक गोष्ट शिक्षकांना आवडेल. १५२२ साली ल्यूथरने नव्या कराराचे जर्मन भाषांतर छापले. पौलाच्या पत्रात तिसऱ्या अध्यायात, माणूस नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो, अशा अर्थाचे एक वाक्य आहे. ल्यूथरने तिथे ‘फक्त’ या अर्थाचा जर्मन शब्द घातला. मूळ ग्रीकमध्ये तो शब्द नाही. विरोधकांनी धरले, देवाच्या वचनात हा पदरचा शब्द घालतो! १५३० साली त्याने उत्तर दिले. तो म्हणाला, मूळ शब्द मलाही वाचता येतात. पण एक नाही आणि दुसरे आहे असे सांगताना जर्मन माणूस हा शब्द घालूनच बोलतो. भाषा शिकायची तर घरातल्या आईला, रस्त्यावरच्या पोराला आणि बाजारातल्या माणसाला विचारावे. मराठीत हे सगळे भांडण एका अक्षरात बसते. ‘विश्वासाने’ म्हणायचे, की ‘विश्वासानेच’? त्या एका ‘च’पायी अर्धा युरोप दुभंगला.

आता चौथीतले पोरसुद्धा विचारील की, मग पाप करून मोकळे व्हायला हरकत काय? विश्वास ठेवला की झाले! ही शंका जुनी आहे. पौलालाही लोकांनी तीच विचारली होती, आणि तो उसळून म्हणाला होता, छे, मुळीच नाही. ल्यूथरचे उत्तर झाडाचे आहे आणि ते शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. आंबे लागले म्हणून झाड आंब्याचे होत नाही. झाड आंब्याचे असते म्हणून त्याला आंबे लागतात. बाभळीला आंबे टांगून ठेवले तर दोन दिवस शोभा येईल, एवढेच. तेव्हा सत्कर्म हवेच, पण त्याची जागा नंतरची. देवाला विकत घेण्यासाठी केलेले सत्कर्म शेवटी स्वतःसाठीच असते. ज्याचा हिशेब मिटला, तोच शेजाऱ्यासाठी मोकळ्या हाताने काही करू शकतो.

पण बायबलमध्येच याकोबाचे पत्रही आहे. तो म्हणतो, उघड्यानागड्या, भुकेल्या भावाला नुसते “सुखी राहा” म्हणून वाटेला लावले तर काय उपयोग? कर्मांवाचून विश्वास मेलेला आहे. आणि तोही अब्राहामाचाच दाखला देतो! ल्यूथरला हे पत्र इतके खुपले की, पहिल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने त्याला गवताचे म्हटले. पुढे ते वाक्य गाळले. मला वाटते, इथे ल्यूथरचा तोल गेला. पौल दारातून आत कसे यावे ते सांगतो, याकोब आत आलेल्याने कसे वागावे ते. दोघांची गाठ घालून दिली असती तर बहुधा ते भांडले नसते.

रोमन कॅथलिक चर्चचे म्हणणेही सरळ समजून घेतले पाहिजे, कारण गोवा आणि वसईचे आपले ख्रिस्ती बांधव बहुतांशी त्या चर्चचे आहेत. ‘कॅथलिक म्हणजे कर्माने तारण’ असे जे सांगतात ते चूक सांगतात. ट्रेंटच्या धर्मसभेने जानेवारी १५४७ मध्ये ठराव केला त्यात, देवाच्या कृपेवाचून माणूस स्वतःच्या कर्मांनी तरेल या मतालाही धिक्कारले आहे. सभेचा विरोध त्या ‘च’ला होता. कृपा आधी, पण माणूस त्या कृपेला साथ देतो, आणि प्रीतीने जिवंत असलेला विश्वासच खरा, अशी तिची भूमिका. पुढे साडेचारशे वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक संघ यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. तारण कृपेनेच, आपल्या कोणत्याही लायकीमुळे नव्हे, आणि सत्कर्मे ही त्याची फळे, एवढे दोघांनी मिळून मान्य केले. बारीकसारीक मतभेद उरले आहेत.

आपल्याकडचा वारकरी हे ऐकून म्हणेल, यात आम्हाला नवे ते काय? भाव तेथे देव, हे आम्ही आजोबांपासून ऐकतो. बरोबर आहे. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत तर हाच वाद शतकानुशतके चालला. माकडिणीचे पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून राहते; मांजरीचे पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. भक्त यातला कोणता? नारायण वामन टिळकांनीही आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असे म्हटले आहे. फरक आहे तो असा की, ख्रिस्ती विश्वास एका घडलेल्या घटनेला बांधलेला आहे. पिलात नावाच्या रोमन सुभेदाराच्या अमदानीत झालेले एका माणसाचे मरण, आणि त्याचे पुन्हा उठणे. ते काढून घेतले तर या शिकवणीत काही उरत नाही, असे पौल स्वतःच म्हणतो.

अजून एक अडचण आहे. कर्मे मोजायचे सोडले की माणूस विश्वास मोजू लागतो. माझा विश्वास पुरेसा आहे ना? काल बरा होता, आज डळमळतो आहे. म्हणजे ल्यूथरची ती रात्र पुन्हा दारात उभी! यावर जुने उपदेशक सांगत की, विश्वास ही कमाई नव्हे, तो पसरलेला हात आहे. पुराच्या वेळी नावेत दोन माणसे बसतात. एक निर्धास्त, दुसरा काठ घट्ट धरून डोळे मिटून बसलेला. पण पैलतीरी दोघेही उतरतात, कारण नेते ती नाव.

हे सारे दूरदेशीचे झाले. आता केडगावला येऊ. पुणे जिल्ह्यात दौंडजवळचे हे केडगाव, पंडिता रमाबाईंचे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे थोर विद्वान. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले म्हणून लोकांचा रोष पत्करलेले. कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर पायी फिरे. जवळचे द्रव्य त्यांनी दानधर्मात घातले. व्रते, उपास, अनुष्ठाने केली. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण थोड्याच काळात गेली. अन्नान्न दशेत गेली. सोळा वर्षांच्या मुलीने हे डोळ्यांनी पाहिले. शास्त्रात सांगितलेले सगळे केले, आणि शेवट हा. ‘पुरेसे म्हणजे किती?’ हा प्रश्न तिला कोणा मठात शिकावा लागला नाही.

पुढची हकीकत पुष्कळांना ठाऊक आहे. १८७८ साली कलकत्त्याला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या, लग्न, १८८२ साली वैधव्य, पुण्यात आर्य महिला समाज, मग इंग्लंड. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात त्यावरून मोठे वादळ उठले. पण बाईंनी स्वतः १९०७ साली आपली साक्ष लिहून ठेवली आहे, ती वेगळेच सांगते. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला कळले, की धर्म आपल्याला सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. म्हणजे एक नियमावली सोडून त्यांनी दुसरी, अधिक पटणारी नियमावली घेतली होती. पण जिवाची धडपड तीच. आपण सुधारू, पश्चात्ताप करू, चांगले वागू, मग देव पदरात घेईल. याच सुमारास विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्र्याचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ कॉर्नवॉलमध्ये कित्येक वर्षे धर्मोपदेशक होता, आणि १८५१ साली स्वतःच्याच प्रवचनात बोलता बोलता त्याच्या मनाचा पालट झाला! ते वाचून बाईंना आपली अडचण ओळखू आली. लायक होऊन मग देवाकडे जायचे नाही, आहे तसेच जायचे, हे त्यांना पटले ते १८९१ साली.

आता ज्याला वाटत असेल की कर्माने तारण नाही म्हटल्यावर माणूस हातपाय गाळून बसतो, त्याने पुढची दहा वर्षे पाहावीत. १८९६-९७ च्या दुष्काळात बाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व बायका घेऊन आल्या. केडगावला फळबागेसाठी घेतलेली जमीन होती; तिथे झोपड्या उभ्या राहिल्या, मग इमारती. १९०० साली गुजरातच्या दुष्काळातून आणखी आल्या. आकडा दोन हजारांच्या घरात गेला. रोगी, उवा पडलेल्या, रस्त्यावर विकल्या जायला निघालेल्या. शेती, गुरे, तेलघाणा, विणकाम सुरू झाले. अंध मुलींसाठी ब्रेल शिकवण्याची सोय झाली. समाजाने वाळीत टाकलेल्या बायकांसाठी वेगळे घर काढले आणि त्याला नाव दिले कृपासदन. नाव सहज ठेवले नसावे. आत येणाऱ्या बाईची लायकी कोणी विचारायची नाही, भूक विचारायची. द्राक्षमळ्याच्या मालकाने संध्याकाळी पाच वाजता हेच केले होते.

शेवटची वर्षे बाईंनी एका कामाला दिली. हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत उतरवायचे, शास्त्री पंडितांसाठी नव्हे, तर आश्रमातल्या बायकांना वाचून कळेल असे. म्हणजे बाजारातल्या माणसाला आणि घरातल्या आईला विचारून लिहिणाऱ्या ल्यूथरचेच काम, दौंडच्या माळरानावर. भाषांतर हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. पुस्तक १९२४ साली निघाले. ते छापले केडगावच्याच छापखान्यात, आणि त्याचे खिळे जुळवणाऱ्या बायका आश्रमातल्याच होत्या.